गावाचा रकाना

तुमचं काम काय, असं कोणी विचारलं की आधी मी चक्क खोटं बोलायचे. दवाखान्याच्या कागदपत्रांचं बघते, म्हणायचे. खरं सांगितलं की समोरच्याचा चहा घशात अडकतो, हे मी एकदा नव्हे, दहादा पाहिलंय. खरं असं की मी कॅन्सरचे पेशंट मोजते. नांदेडला आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, त्यातला एक देवाला सोडलेला. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या ज्या ज्या माणसाला यंदा नव्यानं कॅन्सर निघाला, त्याची एक नोंद आमच्याकडे झाली पाहिजे, एवढंच आमचं काम. आम्ही तपासत नाही, औषध देत नाही. नुसतं मोजतो.

माझा नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "आमची ही यमाच्या ऑफिसात कारकून हाय." पाहुणे खो-खो हसायचे आणि माझं डोकं फिरायचं. अहो, यमाकडं मेलेले जातात! माझ्या यादीतले कितीतरी जण इलाज घेऊन आज शेतात सोयाबीन काढून राहिलेत, नातवंडांच्या पाठीत धपाटे घालून राहिलेत. पण हे नवऱ्याला कोण सांगणार? गाढवापुढं वाचली गीता.

कामाचं म्हणाल तर पायाला भिंगरी. खांद्याला पिशवी, पिशवीत कोरे फॉर्म आणि नशीब असेल तर एसटीत खिडकीची जागा. मोठे दवाखाने, तपासणीच्या लॅबा, ग्रामपंचायतीतली मृत्यूची रजिस्टरं, सगळं पालथं घालायचं. माणूस कशानं गेला, या रकान्यात निम्म्या ठिकाणी 'म्हातारपण' लिहिलेलं. म्हातारपणानं कोणी मरतं का हो? ग्रामसेवकाला विचारावं तर तो म्हणायचा, "मॅडम, घरच्यांनी सांगितलं तसं लिवलं." आणि घरचे त्या आजाराचं नावच घेत नाहीत. गाठ होती, पोटात होतं, तसलं निघालं, इथवर गाडी येते आणि थांबते. वयाचं तर विचारूच नका. "असंल की साठ." साठ का पासष्ट? "तुमी म्हणाल ते लिवा." मी काय म्हणू? मी का तुमच्या बारशाला आले होते?

वयाच्या मागं मी एवढी हात धुऊन लागायचे ती आमच्या सरांमुळे. सर म्हणजे ऑफिसचे प्रमुख, मोठे डॉक्टर, अतिशय शांत माणूस. एवढा शांत की कधी कधी मलाच त्यांच्या वाटचं ओरडावं लागायचं. मी नवीन होते तेव्हा एक दिवस त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. लाख माणसांमागं वर्षाला किती जणांना नव्यानं कॅन्सर निघतो, त्याचे. एक आमच्या भागाचा आणि एक कुठल्याशा थंड, श्रीमंत देशाचा. आमचा आकडा त्यांच्यापुढं अगदीच पिल्लू.

"बघा सर!" मी म्हणाले. "ज्वारीची भाकरी आहे आपली. अंबाडीची भाजी आहे. उगीच का म्हणतात?"

सर हसले. म्हणाले, "बाई, तुमचं माहेर अर्धापूरचं ना? मग केळीचं सांगा. एका बागेतली केळी आज उतरवली, हिरवीगार. दुसऱ्या बागेतली उतरवून आठ दिवस झाले. काळे डाग कुठं जास्त?"

"आठ दिवसांच्या केळीवर. त्याला काय अक्कल लागते?"

"मग ती दुसरी बाग वाईट म्हणायची का?"

माझी ट्यूब पेटली. त्या थंड देशात म्हातारी माणसं बक्कळ, आणि हा आजार जास्त करून वय झाल्यावर गाठतो. आपल्याकडं तरणी जास्त. मग नुसते आकडे शेजारी शेजारी मांडले की आपण उगीचच निरोगी दिसणार. म्हणून सगळ्या जगासाठी एक मनातली लोकसंख्या धरतात, इतकी लेकरं, इतके तरणे, इतके म्हातारे. प्रत्येक देशाचा वयावार हिशोब त्या एकाच मापानं करतात. मगच कोण कुठं ते कळतं. तसं केलं की आमचं पिल्लू जरा अंग धरायचं. आणि सर म्हणायचे, तेवढ्यानंही भागत नाही. काही देश कसून हुडकतात म्हणून त्यांना सापडतो, काही हुडकतच नाहीत म्हणून त्यांचा आकडा गोजिरवाणा. हे मला इतकं पटलं की मी आठवडाभर भाजीवालीलासुद्धा समजावत होते.

तुलना करायची तर नियमही साऱ्या जगात एकच लागतात. पेशंट कधीपासून धरायचा, एकाच माणसाला दोनदा मोजायचं नाही, आणि तो कोणत्या गावचा धरायचा. जन्मला तिथला नाही, इलाज घेतला तिथला नाही. नेहमी राहतो तिथला. हे असं भलंमोठं इंग्रजीत लिहिलेला फॉर्म आला आणि त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडं. मी त्या रकान्यावर सुटसुटीत दोन अक्षरं लिहिली, 'गाव'. स्वतःवरच खूश झाले. फॉर्म घेऊन खाटेपाशी बसायचं आणि विचारायचं, "गाव कोणतं तुमचं, बाई?" बाई सांगायची, मी लिहायचे. किती सोपं! कुठं अडत नव्हतं की नडत नव्हतं.

हे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला आमच्याकडं एक मुलगी होती. उमरीकडच्या एका खेड्यातली. नांदेडला खोली करून राहायची. बोटं अशी चालायची की बघत राहावं, आणि तोंड त्याहून जोरात. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा लातूरला क्लासमध्ये गणित शिकवायचा, घर उदगीरकडच्या एका गावात. साखरपुड्याची तारीख धरली होती, हॉल बघून राहिले होते. पोरगी कामाच्या मध्येच मोबाईलवर साड्या दाखवायची आणि मी ओरडायचे, "आधी फॉर्म!" आणि मग स्वतःच खुर्ची ओढून साड्या बघत बसायचे. मुलगा तिला मनापासून आवडला होता. त्याचा फोन आला की गॅलरीत जायची आणि येताना उगीचच फाइली नीट लावायची.

तर त्यात माझी हौस आडवी आली. लातूरला आरोग्य मेळावा होता. आमच्या ऑफिसनं नकाशा लावायचा होता. सर म्हणाले होते, तालुक्या-तालुक्याचा करा. आणि ते कामासाठी हैदराबादला गेलेले. मी म्हटलं, तालुका कोणाच्या अंगाला लागतो? गावाचं नाव घातलं की माणूस थांबून वाचतो. जिथं जास्त तिथं लाल, कमी तिथं पिवळं. वयाचा हिशोब करत बसायला वेळ नव्हता, म्हटलं लाखामागचे साधे आकडे चालतील. ज्या बाईनं केळीचा धडा भाजीवालीला शिकवला, तिनंच हे केलं बघा. रंग भरायला पोरगी बसली. भरता भरता म्हणाली, "मॅडम, आमचं गाव लई लाल दिसून राहिलंय."

मी काय म्हणाले असेन? "आकडा आहे तो आहे. आकड्याला सोयरं-सुतक नसतं." अशी तोऱ्यात. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मेळाव्यात गर्दी बरी झाली. माणसं नकाशापुढं थांबली, मी म्हटलं तशी. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. दोन दिवसांत तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागला, तिच्या गावाभोवती मोठा गोल काढून. खाली लिहिलेलं, 'कॅन्सरचं गाव'. चौथ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी तिच्या वडिलांना फोन केला. साखरपुडा थांबवा म्हणाले. त्या गावचं पाणीच तसलं असलं तर उद्या पोरीला झालं म्हणजे? लेकराबाळांना झालं म्हणजे?

पोरगी दुसऱ्या दिवशी कामावर आली. रडली नाही. की-बोर्ड मात्र असा बडवत होती की बाजूच्या खोलीतला शिपाई बघायला आला. काय झालं ते मी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाई मॅडम. रंग मीच भरलाय ना." तेवढ्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही दुसऱ्याच्या लेकीच्या मांडवात.

सर आले. ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं. ते ओरडले नाहीत. नकाशा बघून एवढंच म्हणाले, "त्या गावात माणसं किती? आणि त्यातली म्हातारी किती?"

मग बसलो हिशोबाला. गाव छोटं, त्यामुळे यंदा दोन पेशंट इकडचे तिकडे झाले तरी रंग पालटतो, हे एक. तरणी पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, मागं राहिलेली सगळी वयस्कर, हे दुसरं. मागच्या काही वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, जगाच्या मापानं मोजलं. लाल जरा उतरलं. पण शेजारच्या गावांहून ते अजून उठून दिसत होतं. म्हणजे खरंच काही आहे की काय तिथल्या पाण्यात?

मग पोरगी उठली. तिनं गावाचे कागदी फॉर्म काढायला लावले आणि एकेक वाचायला लागली. पुरुषांचे बाजूला ठेवले. बायकांचा पहिला फॉर्म बघून म्हणाली, "ही आमच्या गावात कुठं राहते? हिला मुखेडला दिलीय." दुसरा. "ही देगलूरला दिलेली. पोरं तेलुगू बोलतेत हिची." तिसरा. "हिला तर मी लहान असताना दिली."

मी उभीच राहिले. गाव कोणतं तुमचं, बाई? आमच्याकडच्या बाईला हे विचारा, ती माहेरचंच नाव घेणार. सासर हे तिचं गाव नसतं, तिथं तिला 'दिलेली' असते. कुठं दिली, असंच विचारतात. माझंच बघा. अठ्ठावीस वर्षं नांदेडात संसार केला, गॅसचं कार्ड इथलं, मतदान इथलं, आणि आजही एसटीत कोणी विचारलं की तोंडातून अर्धापूरच निघतं. साऱ्या जगाचा नियम मी मराठीत आणला, आणि मराठीत त्याचा अर्थच उलटा झाला. हे दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

"पण अगं," मी म्हणाले, "मग ही चूक सगळ्याच गावांत झाली असणार. तुमचंच गाव लाल का?"

"आमच्याकडली आशाताई," ती म्हणाली. गावात आरोग्याचं काम करणारी बाई. "ती सोडतच न्हाई कोणाला. माहेरी आलेल्या लेकीबाळींना बी धरून दवाखान्यात नेते. मग कुठं काही दुखलं-खुपलं की दिलेल्या लेकी गावाकडंच येतेत. भाऊ आणतेत. दवाखान्यात पत्ता भावाचाच सांगतेत."

म्हणजे ज्या गावानं आपल्या लेकी परत आणून तपासल्या, त्यांचा इलाज केला, त्याच गावाला आम्ही लाल रंग फासला होता. सरांनी चष्मा काढून पुसला. मला तर रडूच आलं, लपवून काय करू?

पुढचे पंधरा दिवस मी फोनला चिकटून. रकाना बदलला. माहेर कोणतं, दिलं कुठं, आणि आता राहता कुठं, असे तीन प्रश्न. बायका खुलून बोलायच्या. "दिलं का? दिलं उदगीरकडं, पण मन काय लागलं न्हाई!" अशा. ज्या इलाजापुरत्या माहेरी आल्या होत्या, त्यांची नोंद सासरच्या गावी गेली. पोरीचं गाव पिवळं पडत चाललं. ती रोज कामावर आली की आधी तेच उघडून बघायची.

एका दुपारी तिनं एक फॉर्म वाचला आणि उचलून माझ्यापुढं ठेवला. बाईचं माहेर पोरीचं गाव. दिलं कुठं, तर उदगीरकडच्या त्याच गावात. आडनाव वाचलं आणि मी तिच्याकडं बघितलं.

"त्यांची काकू," ती म्हणाली. "धाकट्या काकांची बायको. माझी आत्या लागते, भावकीतली. तिनंच आणली ही सोयरीक."

"तिकडचे हे कुठं बोलले नाहीत?"

"लपवून ठेवलंय. घरात अजून पोरी हायत ना लग्नाच्या."

आता आली का पंचाईत! आमच्या कामाचा पहिला नियम, पेशंटचं नाव ऑफिसच्या बाहेर जाता कामा नये. नवऱ्याला नाही, सोयऱ्याला नाही, देवालाही नाही. फॉर्म तिनं स्वतः चढवला होता, म्हणजे तीही बांधलेली. तिनं फॉर्म उलटा करून ठेवला.

सरांना विचारून मी नवा नकाशा घेतला आणि उदगीरची गाडी धरली. सरांनी बजावलं होतं, "आकडे सांगा. नाव एकही नाही." मी मान हलवली. माझी जीभ किती लांब आहे ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मुलाचे वडील चांगले भारदस्त गृहस्थ. या बसा केलं, पाणी दिलं. मुलगा सुट्टीवर आलेला, भिंतीला टेकून बसला होता. मी नकाशा पसरला आणि सुरुवात केली. चूक माझी, हे आधी कबूल केलं. मग देश, जग, म्हातारे-तरणे, केळी, सगळं सांगितलं. मुलगा मान डोलवत होता. मध्येच म्हणाला, "बराबर हाय त्यांचं, आण्णा. वय धरल्याबिगर तुलना होत नसते." मला हायसं वाटलं. गणिताचा माणूस बरा.

आण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आकडे तुमच्या हातातले. काल लाल होते, आज पिवळे केले. उद्या आणिक काही कराल. आम्ही कशावर भरोसा ठेवावा?"

खरं सांगते, तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांचं चुकत नव्हतं.

"आणि पाण्याचं कसं हाय," ते पुढं म्हणाले, "तिकडल्या गावात हा आजार हाय तर हाय. आमच्या गावात हे असलं कधी न्हवतं. आमच्या घरात तर नावच काढू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव जिभेच्या टोकावर होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि नकाशाची घडी घालायला लागले, वाकडीतिकडी. मुलगा खाली फरशीकडं बघत होता.

तेवढ्यात आतून एक बाई चहा घेऊन आली. डोक्यावरून पदर, पदराखाली नुकतेच परत यायला लागलेले आखूड केस. तिनं कप ठेवले आणि आत गेली नाही. त्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, माझी नोंद कोणत्या गावात लिवलीय?"

आण्णांचा कप हातातच राहिला. मी म्हणाले, "बाई, तुमचं मी फक्त तुम्हाला सांगू शकते. इथं चारचौघांत नाही."

"मीच इचारून राहिले न्हवं? सांगा."

"आधी माहेरी होती. आता इथं केलीय."

"झ्याक केलं," ती म्हणाली. तिनं पदर सावरला. "गाठ मला हितं लागली. दवाखान्यात न्या म्हणलं तर सुगी होऊ दे म्हणले. सुगी झाली तर रबीची पेरणी हाय म्हणले. शेवटी भाऊ येऊन घेऊन गेला. माहेरचं पाणी मी ईस वर्षं पिले, हितलं तीस वर्षं. दोष मात्र माहेरच्या पाण्याला. मी ह्या गावची हाय मॅडम. ह्याच घरची हाय. हितंच ऱ्हाऊ द्या माझं नाव."

मुलगा फरशीवरच नजर लावून बसला. बाहेर शेळी ओरडत होती तेवढंच. काकू थोडा वेळ उभी राहिली. आण्णांकडं नाही, पुतण्याकडं बघत होती. मग रिकामं ताट घेऊन आत गेली. आण्णांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, घसा साफ केला. म्हणाले, "बरं. कळवा त्यांना. तारीख धरू."

एसटीत बसल्या बसल्या मी पोरीला फोन लावला. देगलूर येईपर्यंत मीच बोलत होते. सगळं सांगितलं. माझी जीभ कशी आवरली, ते जरा रंगवून सांगितलं. जिंकून आल्यासारखी मी फुलून गेले होते. ती म्हणाली, "आत्या बोलली? त्यांच्यासमोर?" मी म्हटलं, बोलली म्हणजे काय! मग तिनं विचारलं, "आणि हे? हे काय म्हणले?"

मुलगा काय म्हणाला? मी आठवायला लागले. काही म्हणाला नव्हता. मी म्हटलं, "अगं, केळीचं त्याला बरोबर कळलं. एकदम हुशार आहे."

दोन दिवसांनी ती सकाळी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मी न्हाई म्हणून कळवलंय."

माझा पाराच चढला. "वेडी का खुळी तू? एवढं जिवाचं रान केलं आम्ही! सरांनी जगाच्या मापानं मोजलं तुझ्या गावाला! आण्णांनी तारीख धरू म्हटलं! पोरगा आवडलाय ना तुला?"

"आवडलाय," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, ते मला तेव्हा दिसले. "मी इचारलं त्यांना फोन करून. काकू बोलत व्हत्या तवा तुमी काय म्हणलात? तर म्हणले, आण्णांपुढं मी काय बोलणार."

"अगं, पुरुषांचं असतं तसं. हळूहळू..."

"तीस वर्षं आत्यानं त्या घरात भाकरी थापल्या, मॅडम. आणि मी हितली हाय, हे तिला आजारातून उठून, सगळ्यांपुढं उभं राहून, एकटीला सांगावं लागलं. एकजण बी म्हणला न्हाई की व्हय, ही आमची हाय."